कॉम्प्युटर असताना हाताने ड्रॉइंग कशाला? सोलापुरातून एक उत्तर

प्रश्न असा आला होता: "मॅडम, मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अजूनही आम्हाला हाताने शीट काढायला लावतात. सीनियर म्हणतात, ऑफिसात कुणी पेन्सिलला हात लावत नाही. एआयला दोन ओळी सांगितल्या की मिनिटभरात बिल्डिंगचं चित्र येतं. बाबा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे, तेही म्हणतात ग्राफ पेपरचा जमाना गेला. मग मी हा वेळ का घालवू? आणि टॅब घेतला तर चालेल का?"

आधी तुझ्या बाजूने बोलते, कारण तुझी निम्मी तक्रार खरी आहे. फायनल शीटला शाई करत रात्र जागवायची, दोनशे विटांचं हॅचिंग एकेक रेघ मारून भरायचं, ही हमाली आहे. आम्ही ती केली. रोटरिंग पेनचं, म्हणजे शाईच्या ड्रॉइंग पेनचं, निब मे महिन्यात दर तासाला सुकायचं. मनगटाचा घाम ट्रेसिंग पेपरवर उतरला की शाई फुटायची. मग ब्लेडने खरवडायचं आणि त्या जागी नखाने घासून कागद परत गुळगुळीत करायचा. ड्रॉइंगच्या नकला म्हणून अमोनिया प्रिंट काढून आणल्या की डोळ्यांतून पाणी यायचं. हे सगळं गेलं ते बरंच झालं. 1963 मध्ये अमेरिकेत एमआयटीला आयव्हन सदरलँडने पडद्यावर रेघ मारून दाखवली, 1982 च्या अखेरीस कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड आलं, आणि आमच्या ऑफिसात पोचायला त्याला आणखी पंधरा-सोळा वर्षं लागली. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी मी पेढे वाटले होते. तेव्हा मला जुन्या दिवसांसाठी उसासे टाकणारी बाई समजू नकोस.

पण एक फरक बघ. जे ठरलंय ते नीट मांडायचं, हे एक काम. काय ठरवायचं तेच कळत नसताना कागदावर चाचपडायचं, हे दुसरं. पहिल्या कामात कॉम्प्युटर माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. दुसऱ्यात तो मध्ये मध्ये बोलतो.

मध्ये बोलतो म्हणजे काय, हे तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा चांगलं सांगता येईल. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, ग्राफवर एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद. तिथे उभा धागा एक तर वर असतो, नाही तर खाली. तिसरं काही नाही. मोराच्या मानेची वळणदार रेघ तिथे पायऱ्या-पायऱ्यांनी चढते. मी सोलापूरच्या पूर्व भागात एका ओळखीच्यांच्या घरी अशा डिझाइनवाल्या काकांना काम करताना पाहिलंय. ग्राफला ते शेवटी हात लावायचे. आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सैल हाताने मोर काढायचे, एकावर एक तीन-चार माना, न खोडता. मग डोळे बारीक करून लांबून बघायचे, आणि त्या गर्दीतली एक मान पक्की झाली की तीच ग्राफवर चढवायचे. कारण ग्राफ विचारतो: हा चौकोन भरलेला की रिकामा? मान ठरली नसेल तर याचं उत्तर देता येत नाही. तुझ्या बाबांचा ग्राफ पेपर आज कॉम्प्युटरमध्ये गेला असेल. कॅलेंडरची पाठ कुठे गेली, ते त्यांना जरूर विचार.

कॅडही हेच करतं. भिंतीचा विचार नुसता मनात येतोय तोवर ते विचारतं, लांबी किती? तुला माहीत नसते. मग तू 3000 मिलिमीटर टाइप करतेस, कारण आकडा गोल आहे. आता ती भिंत तीन मीटरची झाली. पुढचे पंधरा दिवस तिच्याभोवती सगळं मांडलं जातं आणि तो आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही. कॉलेजात ज्युरीला, म्हणजे कामं तपासायला बसून, तुझ्यासारख्या मुलांच्या शीट्स बघते तेव्हा मला ही अनाथ तीन हजारं जागोजाग दिसतात.

पेन्सिलची रेघ असं काही विचारत नाही. ती भिंत असू शकते, ओट्याची कड असू शकते, सावलीची हद्द असू शकते. मुद्दाम ढिली ठेवलेली ही रेघच कामाची असते, आणि हे नुसतं आम्हा जुन्या लोकांचं म्हणणं नाही. गॅब्रिएला गोल्डश्मिट यांनी 1991 मध्ये स्केच काढताना डोक्यात काय चालतं याचा अभ्यास मांडला. 1997 मध्ये मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वर्स्की यांनी अनुभवी आर्किटेक्ट आणि विद्यार्थी यांना डिझाइन करायला बसवलं, त्यांचं व्हिडिओ चित्रण केलं, आणि नंतर तेच चित्रण दाखवून विचारलं, या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं? आपणच काढलेल्या स्केचमध्ये माणसाला मनात नसलेल्या गोष्टी सापडतात, हे या सगळ्या कामातून पुढे आलं. अनुभवी माणूस त्या सापडलेल्या धाग्यावरून जास्त लांब जातो.

माझ्याच कामातलं सांगते. एका डॉक्टरांच्या दवाखान्याचा प्लॅन करत होते. बटर पेपरवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या पातळ कागदावर, वेटिंगचा एक गोल काढला, तपासणीचा दुसरा. घाईत दोन्ही एकमेकांवर चढले. पुसायला रबर उचलला आणि थांबले. तो जो मधला बदामासारखा तुकडा होता, तो ना धड आत ना धड बाहेर. इकडे अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पेशंट येतो तो एकटा येत नाही. बरोबर तीन माणसं, एक पिशवी आणि भाकरीचं फडकं असतं. ही माणसं वेटिंगच्या खुर्च्यांवर अवघडून बसतात. त्या बदामाचा झाला छपराखालचा कट्टा, पाण्याच्या माठासकट. कॅडमध्ये दोन खोल्या एकमेकींवर चढल्या असत्या तर मी ती चूक समजून लगेच दुरुस्त केली असती.

फिनलंडच्या आल्वार आल्टो या आर्किटेक्टने स्वतःबद्दल असंच लिहून ठेवलंय. व्हीपुरीच्या ग्रंथालयाचं काम चालू असताना तो कित्येक दिवस डोंगरउतारांची पोरकट वाटावी अशी चित्रं काढत बसला, वर आकाशात एक सोडून अनेक सूर्य. त्यातूनच पुढे वाचनालयाच्या वेगवेगळ्या पातळ्या आल्या, आणि पुस्तकावर सावली न पाडणारा, चहूकडून झिरपणारा उजेड देणारे छपरातले गोल झरोके. इमारत 1935 मध्ये पूर्ण झाली. ते गाव आता रशियात आहे. (अनेक सूर्य! आपल्याला इथे एकच झेपत नाही.)

सूर्याचा विषय निघालाच आहे तर सेक्शनबद्दल, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल त्या चित्राबद्दल, बोलते, कारण हाताने काय काढायचं असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर सेक्शन हेच असतं. सोलापूर साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मग थोडा उत्तरेला सरकतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. आता कागदावर दक्षिणेची एक भिंत काढ, तिला दोन फुटांचा छज्जा काढ. डिसेंबरात 21 तारखेला दुपारी सूर्य दक्षिणेला 49 अंशांवर असतो. छज्ज्याच्या टोकावरून त्या कोनात रेघ ओढ. भिंतीवर सव्वादोन फूट सावली पडते. ठीक आहे. आता भिंत पश्चिमेची धर. मे महिना, संध्याकाळचे पाच. सूर्य पंचवीस अंशांच्या आसपास उतरलेला. तोच दोन फुटी छज्जा, रेघ ओढ. सावली 11 इंच. चार फुटांच्या खिडकीतले तीन फूट उघडे, आणि बाहेर पारा चाळिशीच्या पुढे.

हे सॉफ्टवेअरही दाखवतं, रंगीत दाखवतं. पण ती रेघ आपल्या हाताने खाली खाली येत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत पोचते ना, तेव्हा पश्चिमेची खिडकी म्हणजे काय ते अंगाला कळतं. माझ्याकडे आलेल्या ज्या मुलांनी ही रेघ एकदा ओढली, त्यांनी पुन्हा पश्चिमेला बेडरूमची मोठी काच दिलेली मला आठवत नाही. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात छपराला एक छोटं सवणं, म्हणजे उजेडाचं भोक असायचं, बाकी भिंती जाडजूड आणि बंद. ते अडाणीपणाने केलेलं नव्हतं, हे मला त्या सेक्शनच्या रेघांनी शिकवलं.

आणि हे शहाणपण येण्याआधी मी काय घाण केली तेही सांगते. दोन भावांचे जोडबंगले होते, होटगी रोडच्या बाजूला. एकाचा प्लॅन मी मन लावून केला. स्वयंपाकघर पूर्वेला, सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर. दुसऱ्यासाठी मिरर कमांड दिली, म्हणजे तोच प्लॅन आरशातल्यासारखा उलटा. एक क्लिक. स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं. धाकट्या भावाची बायको पहिल्या उन्हाळ्यात म्हणाली, "ताई, चारनंतर मी आत जातच नाही. सहानंतर चहा." हाताने तो प्लॅन परत काढावा लागला असता तर तास गेला असता, आणि त्या तासाभरात ऊन कुठून येतंय हे मला नक्की दिसलं असतं. बटर पेपर जुन्या प्लॅनवर ठेवून परत काढताना प्रत्येक रेघ पुन्हा एकदा परवानगी मागते: मला ठेवू का? कॉपीला परवानगी लागत नाही.

मापाचंही तसंच. पडद्यावर झूम करत गेलं की पॅसेज आणि सभागृह सारखेच दिसतात. कागदावर 1:100 च्या प्लॅनमध्ये माझ्या करंगळीचं नख म्हणजे एक मीटर. मी अजून नख ठेवून दार तपासते.

आता बघण्यासाठी काढणं. तिसऱ्या वर्षाला आम्ही शहरातला एक जुना वाडा मोजायला घेतला होता. मैत्रीण टेप धरायची, मी वहीत कच्चा प्लॅन काढून त्यावर मापं लिहायची. तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर मातीचा जाड थर, हे सगळं काढताना मान दुखून आली. मागच्या बाजूला बाहेरून माप आलं 31 फूट 6 इंच. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून 27. वहीत माझा प्लॅन बंदच होईना, कोपऱ्यात साडेचार फुटांचं भोक राहिलं. मैत्रीण म्हणाली, टेपला झोळ आला असेल, भिंतींत वाटून टाक. आम्ही तिसऱ्यांदा टेप लावतोय हे बघून घरच्या आजी हसायला लागल्या. "बळद हाय की गं ते. वरनं माळवदातनं ज्वारी वतायची, खालनं काढायची." खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, चुन्याने लिंपलेलं एक छोटं तोंड होतं. त्या भिंतीचे मी त्याआधी रीळभर फोटो काढले होते. एकातही मला ते दिसलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, लेसर मशीनने मोजलं असतं तरी साडेचार फूट उरलेच असते. उरले असते. पण ते माझ्या फाइलमध्ये उरले असते, मी तिथे उकिडवी बसलेली नसते आणि आजी माझ्याशी बोलल्या नसत्या.

साइटवर तर रेघ म्हणजे आपली सगळ्यांची सामाईक भाषा. सोलापुरात एका स्लॅबखाली गवंडी कन्नड बोलतो, सळईवाला तेलुगू, फरशीवाला हिंदी आणि मी मराठी. सगळे सगळ्यांचं थोडं थोडं समजतात, पण काम अडतं तेव्हा विटेचा तुकडा उचलून भिंतीवर काढावंच लागतं. सुरुवातीच्या वर्षांत एका घराचा जिना मी प्लॅनमध्ये फार सुरेख बसवला होता आणि मधल्या लँडिंगखालून, म्हणजे जिना वळतो त्या सपाट जागेखालून, मागच्या अंगणात जायची वाट दिली होती. सेक्शन हाताने काढला नव्हता, म्हटलं सॉफ्टवेअर काढून देईल. मिस्त्रींनी प्रिंट बघितली, काही बोलले नाहीत. विटेचा तुकडा घेऊन बाजूच्या भिंतीवर खऱ्या मापात पायऱ्या काढायला लागले. मजला दहा फुटांचा, पायऱ्या सतरा, एकेक सात इंचांहून किंचित जास्त. नवव्या पायरीला माझं लँडिंग आलं, त्याखाली त्यांनी स्लॅबची जाडी काढली, आणि त्या रेघेखाली स्वतः जाऊन उभे राहिले. रेघ त्यांच्या छातीच्या थोडी वर. जमिनीपासून 4 फूट 10 इंच. "मॅडम, इथनं कोण जाणार? मांजर?"

मग त्यांनीच पुढे तेराव्या पायरीपर्यंत रेघ नेली. तिथे लँडिंग घेतलं की खाली सात फुटांहून थोडी जास्त उंची मिळत होती. पायऱ्यांच्या या लांब फ्लाइटसाठी सव्वातीन फूट जास्तीचे लागले, ते मी स्टोअर रूममधून दिले. त्या माणसाने कुठल्या कॉलेजात ड्रॉइंग शिकलं नव्हतं. त्यांच्याइतका नेमका सेक्शन काढणारे आर्किटेक्ट मला मोजकेच भेटलेत. केरळात काम केलेल्या आर्किटेक्ट लॉरी बेकर यांच्याबद्दल आपण ऐकतो ना, की रद्दी कागदाच्या पाठीवर काढायचे आणि साइटवर गवंड्यांबरोबर घर घडवायचे. त्याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

हाताची रेघ फसवतेही, हे मात्र लपवणार नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा 1957 मध्ये योर्न उट्झॉनने जिंकली ती मोकळ्या हाताच्या शिडांसारख्या वक्रांवर. ती शिडं बांधायची कशी हे त्या चित्रांत नव्हतं. सगळी शिडं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढता येतील हे सुचायला 1961 उजाडलं, आणि इमारत उघडली 1973 मध्ये. तेव्हा सैल रेघ आवडली म्हणून तिच्या प्रेमात पडायचं नाही. एका टप्प्यावर ग्राफवर यावंच लागतं. तो टप्पा कधी, हे ओळखणं अवघड असतं आणि त्यात माझीही अजून चूक होते.

एआयच्या चित्रांचं मला भय वाटतं ते वेगळ्याच कारणाने. ते चित्र पहिल्या मिनिटालाच पूर्ण झालेलं असतं. काच चकाकतेय, झाडं डोलतायत, आकाश गुलाबी. काहीच ठरलेलं नसताना सगळं ठरल्यासारखं दिसतं. क्लायंटला एकदा ते दाखवलं की संपलं. मग पश्चिमेची काच काढायला तीन मीटिंगा लागतात. स्केच दाखवलं तर तोच माणूस पेन मागतो आणि म्हणतो, देवघर इकडे घेतलं तर? मी एआय वापरते, पण स्केच होऊन सेक्शन जुळल्यावर, फरशीचा आणि रंगाचा अंदाज घ्यायला.

तुझ्या प्रश्नात तू लिहिलेली नाहीस अशी एक भीती मला दिसते: माझी ड्रॉइंग चांगली नाही. मला इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला सी ग्रेड होती. स्थिरचित्रातली माझी सुरई वाकडी आली होती. शाळेतल्या त्या परीक्षांनी आपल्याला छान काढायला शिकवलं, त्याचे दहावीला गुणही मिळतात, पण बघायचं राहूनच गेलं. 2016 मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना शब्द दिले. काहींचं 40 सेकंदांत चित्र काढायचं, काही नुसते लिहायचे. ज्यांचं चित्र काढलं ते शब्द नंतर जास्त आठवले, आणि चित्र चांगलं की वाईट याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा सुरई वाकडी येऊ दे.

सुरुवात किल्ल्यापासून कर. भुईकोटाची दुहेरी तटबंदी आहे. दोन तटांमधली जागा पावलांनी मोज आणि तिचा सेक्शन काढ, तळ्याच्या बाजूला जमीन कशी उतरते त्यासकट. मग सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाताना पाण्यातून जी वाट जाते, तिच्यावर सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला माणसं कुठे थांबतात ते टिंबांनी मांड. पुढच्या आठवड्यात इंद्रभुवनासमोर बस. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली ही वास्तू, आज त्यात महापालिका आहे. तिची सगळी नक्षी काढायला जाऊ नकोस, वेडी होशील. एक कमान घे. ती खांबावर नेमकी कुठे टेकते, तेवढंच काढ. बॉलपेन वापर म्हणजे खोडायचा मोह होणार नाही. प्रत्येकी दहा मिनिटं, आणि चित्र संपेपर्यंत मोबाइल पर्समध्ये. लोक मागे येऊन उभे राहतील, पोरं विचारतील "काय काढायलीस गं?" सांगायचं त्यांना.

टॅबचं म्हणशील तर वाईट नाही, मीही वापरते. पण त्यात अनडू आहे आणि झूम आहे, म्हणजे चूक नजरेआड होते आणि माप हरवतं. तुझ्या वयात या दोन सवयी लागल्या तर सुटत नाहीत. या वर्षी नको, चौथ्या वर्षी घे. बाबांना सांग पैसे वाचले. सध्या बटर पेपरचा रोल आण. दुकानदार कापून घडी घालून देईल, घेऊ नकोस. घडीच्या रेघेवर पेन्सिल अडखळते. गुंडाळलेलाच माग.